भाकरीच खातो, मग शुगर वाढते कशी?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५२ वर्षांचे, सोलापुरात यंत्रमागावर कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. शिबिरात शुगर २८६ निघाली. मग लॅबमध्ये उपाशीपोटी १८२, जेवणानंतर २९४ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४ आली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड १ सकाळी लिहून दिली. वडील म्हणतात, ‘साखर तर सोडली, भाकरीच खातो, मग वाढते कशी?’ गोळ्या कधी घेतात, कधी नाही. शेजारचे सांगतात, गोळी एकदा लागली की सुटत नाही आणि किडनी जाते. घरात रोज वाद. आजी मोहोळ तालुक्यात गावी इन्सुलिनवर आहेत, तिथं फ्रिज नाही. सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्यांना त्याचं सरळ उत्तर अजून कुणी दिलेलं दिसत नाही. ते मिळालं तर घरातले निम्मे वाद आपोआप मिटतील, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

रक्तातली शुगर म्हणजे डब्यातली साखर नव्हे. भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, यातलं काहीही खाल्लं तरी पिठूळ भाग पचून त्याचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात येतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६७-६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. गव्हाच्या आट्यात ६४ च्या आसपास. म्हणजे ‘चपाती सोडली, भाकरी धरली’ यानं फारसं काही बदलत नाही. ज्वारी वाईट म्हणून हे सांगत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीसारखं धान्य जवळ असणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि तिची भाकरी आमटी-भाजीबरोबर नीट चावून खाल्ली तर पोटाला आधारही होतो. पण ‘भाकरी कितीही चालते’ हा सोलापूर जिल्ह्यातला सर्वांत महागात पडणारा समज आहे. घरी एकदा काट्यावर पीठ मोजून बघा. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागत असेल तर तिच्यात ४० ग्रॅम कर्बोदकं झाली. तीन भाकऱ्यांत १२०. आता चहात न घातलेल्या दोन चमचे साखरेशी, म्हणजे १० ग्रॅमशी, ताडून बघा. वडिलांनी साखर सोडली हे खरंच आहे. ती मोठ्या आकड्यातली छोटी वजाबाकी होती, एवढंच.

दुसरी गोष्ट, रात्रभर काही न खाता सकाळी १८२ कशी? यकृत रात्रभर स्वतःच ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत असतं. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, शिवाय स्वादुपिंडातून ते पुरेसं येतही नाही, त्यामुळे हा आवर सुटतो. म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं की सकाळची शुगर नॉर्मल येईल, हा हिशेब चुकतो. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताच्या याच कामाला लगाम घालते. उपाशी शुगर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. ९.४ चा अर्थ गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण २२३ होती. बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या आत, उपाशी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटी जास्त येते, आणि नुकतंच रक्त गेलं किंवा चढवलं असेल तर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघितलेलं बरं.

वडील अंगानं बारीक असतील तरी ‘जाड माणसालाच होतो’ म्हणून गाफील राहू नका. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, अशी ठेवण पुष्कळ दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून ही गोष्ट जगासमोर आली. बेंबीच्या पातळीवर टेप लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर वजनकाटा काहीही सांगो, पोटाची चरबी जास्त आहे. मात्र कंबर कमी, वजन भराभर उतरतंय आणि तहान थांबत नाही असं असेल, तर हा टाइप २ च आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. त्या वेळी लघवीत कीटोन (इन्सुलिन फारच कमी पडलं की शरीरात साठणारं द्रव्य) तपासतात आणि गोळ्यांऐवजी लगेच इन्सुलिन लागू शकतं.

आता गोळ्या. वरच्या चिठ्ठीतली सर्वांत धोक्याची जागा ‘ग्लिमेपिराइड सकाळी’ ही आहे. दिवसपाळीत काहीच अडचण नाही. पण रात्रपाळी संपवून वडील सकाळी आठला घरी येतात, चिठ्ठीत ‘सकाळी’ लिहिलंय म्हणून गोळी घेतात, चहा पिऊन झोपतात ते दुपारी तीनला उठतात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो नसो. झोपेत शुगर उतरली तर कळणारही नाही. कदाचित म्हणूनच ते कधी घेतात, कधी टाळतात. गोळीनं ‘गळाल्यासारखं’ होत असेल आणि ते तोंडानं सांगत नसतील. त्यांना शांतपणे विचारा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा पाळ्यांचं वेळापत्रक कागदावर नेऊन दाखवा आणि ग्लिमेपिराइड घड्याळाला न बांधता दिवसातल्या पहिल्या भरपेट जेवणाला बांधून घ्या. जेवण नाही, तर ती गोळी नाही. शुगर गरजेपेक्षा खाली न पाडणाऱ्या जातीतली दुसरी गोळी बसेल का, हेही विचारा. फिरत्या पाळीच्या माणसासाठी हा प्रश्न विचारायलाच हवा.

मेटफॉर्मिन एकटी असेल तर शुगर सहसा फार खाली नेत नाही. तिचा त्रास पोटाचा असतो: जुलाब, मळमळ, तोंडाला धातूसारखी चव. जेवणाच्या मध्यात किंवा लगेच नंतर घेतली, सुरुवातीला एकच घेऊन आठवड्याभरानं दुसरी वाढवली, किंवा सावकाश विरघळणारी एसआर गोळी घेतली तर बहुतेकांचं पोट सावरतं. किडनीचं म्हणाल, तर मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. वर्षानुवर्षं चढलेली शुगर आणि बीपी किडनी खराब करतात. किडनी आधीच अशक्त झालेली असेल तर मात्र मेटफॉर्मिन कमी किंवा बंद करावी लागते, आणि लोक नेमकं तेवढंच बघून गोळीला दोष देतात. बरीच वर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, पायाला मुंग्या येतात. शाकाहारी माणसानं ते अधूनमधून तपासून घ्यावं.

‘गोळी सुटत नाही’ हेही सरसकट खरं नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात घेतलेल्या लोकांपैकी ४६ टक्के एका वर्षानं गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले होते. तो कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालचा होता, घरी तसा करू नये. पण सुरुवातीच्या काळात मेहनत जास्तीत जास्त फळते, एवढं त्यातून नक्की कळतं. गोळी सुटेल तर आकडे बघून सुटेल. रुसून सोडली तर शुगर पुन्हा चढते. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड कुणाला घ्यायचीच असेल तर गोळी चालू ठेवून आणि डॉक्टरांना सांगून. मात्र ‘आठ दिवसांत शुगर गायब’ म्हणणाऱ्या, वर नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत साखर कमी करणारी ॲलोपॅथीचीच औषधं मिसळलेली सापडल्याच्या नोंदी आहेत.

ताटाकडे वळू. वेगळा स्वयंपाक करू नका. सगळ्या घरानं तेच खावं, म्हणजे वडिलांना आजाऱ्याचं ताट वाटत नाही. तीनऐवजी दीड भाकरी, आणि उरलेली जागा रिकामी ठेवायची नाही, नाहीतर चार दिवसांत माणूस कंटाळतो. तिथं वाटीभर घट्ट आमटी किंवा मटकी-हुलग्याची उसळ, मेथी, चाकवत किंवा अंबाडीची भाजी, काकडी, ताक. अंडी खात असतील तर अंडं. शेंगाचटणी दोन चमचे खुशाल. तिच्यानं शुगर फारशी वाढत नाही, मीठ आणि तेल मात्र बघावं लागतं. आधी काकडी, भाजी, उसळ आणि मग भाकरी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरचा आकडा खाली येतो. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चालणं हेही तसंच फुकटचं औषध आहे. लूमवर दिवसभर उभं राहणं आणि दोन पावलं इकडे-तिकडे करणं चालण्यात धरू नका. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेलसं चालणं वेगळं हवं.

कारखान्यातला चहा कुणाच्याच हिशेबात नसतो. दीड चमचा साखरेचे पाच कप म्हणजे ३५ ग्रॅमच्या वर साखर, आणि गुळाचा चहाही तेच करतो. मे महिन्यात उसाच्या रसाच्या एका ग्लासात २५-३० ग्रॅम साखर सहज जाते. डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी चालतील, रस नको. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. खिचडीनं शुगर उसळते आणि दिवसभर काही न खाता ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेतलं तर कोसळते. एकादशी असो, नवरात्र असो वा रोजे, आधी औषध जुळवून घ्यायचं, मग उपवास.

रात्रपाळीत रात्री दोनला डबाभर भाकरी खाणं सगळ्यांत वाईट, कारण रात्री शरीर तेच अन्न दिवसापेक्षा जड हातानं हाताळतं. मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी, मध्यरात्री मूठभर फुटाणे आणि ताक, घरी आल्यावर हलका नाश्ता आणि झोप. आणि रात्रपाळीत ‘उपाशीपोटी’ म्हणजे पहाटे नव्हे, तर मुख्य झोपेतून उठल्यावर.

शुगर लो होण्याचं शिक्षण सगळ्या घराला द्या. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, धडधडतं, अचानक भूक लागते, माणूस विनाकारण चिडतो, दरदरून घाम फुटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, त्यात लूमच्या शेडमध्ये, घामाकडे कुणी बघतच नाही, म्हणून थरथर आणि भूक यांकडे लक्ष ठेवा. उपाय: सपाट तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर अर्धी भाकरी किंवा दूध, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकतो आणि शुगर परत उतरू शकते. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपा-चरबीनं साखर उशिरा रक्तात येते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. वडिलांच्या खिशात ग्लुकोजची पुडी कायम असावी आणि शेजारच्या मागावरच्या माणसाला हे माहीत असावं. चालत्या मशीनपाशी गरगरलं तर इजा शुगरपेक्षा मोठी होते.

ग्लुकोमीटर घ्या, पण रोज सकाळी एकच आकडा बघून घाबरू किंवा खूश होऊ नका. पट्ट्या महाग असतात, म्हणून आठवड्यातून दोन दिवस जोडीनं तपासा: त्याच जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. कुठलं जेवण किती चढवतं ते अशानंच कळतं. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. डाळिंब सोलून किंवा आंबा खाऊन तसंच बोट टोचलं तर १४० ची २४० दिसू शकते. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा आणि बोट पिळू नका. पट्ट्यांची डबी घट्ट बंद आणि सावलीत ठेवा, पत्र्याच्या घरात खिडकीपाशी नको. मीटर लॅबपेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतो, त्यामुळे १६० आणि १७५ मध्ये फरक शोधत बसू नका. वहीत तारीख, वेळ, पाळी, आकडा आणि काय खाल्लं एवढं लिहिलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं.

आजींच्या इन्सुलिनबद्दल. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस टिकतात. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४० च्या वर जातो, म्हणजे उघड्या कपाटात ती टिकणार नाहीत. पसरट माठात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात कोरड्या प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि हे सगळं वारा येईल अशा सावलीत. वाळू रोज दोनदा भिजवायची. आपली हवा कोरडी असल्यानं ही युक्ती उन्हाळ्यात चांगली चालते. बाटली पाण्यात बुडवायची नाही आणि बर्फाला चिकटवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. नवीन बाटल्या महिन्याला एकच आणा आणि उघडल्याची तारीख वर लिहा.

त्याहून मोठा धोका सिरिंजचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटची सिरिंज केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. उलट, १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजनं २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात, आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही. दुधाळ इन्सुलिन असेल तर बाटली तळहातांमध्ये हळू लोळवून एकसारखं करून घ्या, जोरात हलवू नका. पोटावर एकाच जागी टोचत राहिलं की तिथं गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही. दर वेळी बोटभर जागा सरकवा.

दोघांचेही पाय रोज रात्री बघायचे: तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. संवेदना गेलेल्या पायाला खिळा बोचला तरी कळत नाही. पायाला गरम शेक नको, कुरूप ब्लेडनं कापायचं नाही. कोजागरीला तुळजापूरला चालत जाण्याची घरात रीत असेल तर अनवाणी नको. पायाला सरावाचे झालेले बूट आणि सुती मोजे घाला, ग्लुकोज सोबत ठेवा, औषधाचं आधी विचारा. फोड आला तर तिथंच थांबा. देवी रागावणार नाही.

निदानाच्या वेळीच, आणि मग दरवर्षी, बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा तपासणं, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पायांची संवेदना. बीपी प्रत्येक भेटीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ‘कापसाच्या धुळीचा’ म्हणून सोडू नका, मधुमेहात क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. उलट्या-जुलाबात अन्न टिकत नसेल तर मेटफॉर्मिन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, पण आजींचं इन्सुलिन मनानं बंद करू नका. शुगर ३०० च्या वर राहून उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय.

खर्चाचं म्हणाल, तर ३० वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते आणि नेहमीच्या गोळ्याही तिथून मिळतात. गुंतागुंत वाटली तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. ईएसआय कार्ड असेल तर तेही वापरा. खासगी चिठ्ठी असेल तर जनऔषधी दुकानात औषधाचं मूळ नाव दाखवा, बरेच पैसे वाचतात.

आणि घरातला वाद. ‘परत खाल्लं ना?’ असं विचारणाऱ्या घरात माणूस आकडे लपवायला शिकतो, आणि लपवलेल्या आकड्यावर औषध बसवता येत नाही. पहारा नको, कामं वाटून घ्या. आईनं पीठ मोजून भाकऱ्या कराव्यात, भावानं जेवणानंतर वडिलांबरोबर चक्कर मारावी, वही आणि पट्ट्या तुम्ही सांभाळा, दर भेटीला कुणीतरी एक जण बरोबर जावं. २८० आली तर ‘काय झालं असेल बरं?’ एवढंच विचारा आणि जे सांगतील ते वहीत लिहा. आठवडेच्या आठवडे त्यांचं कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना शुगरइतकंच ठळकपणे सांगा. त्यावरही उपचार आहेत.

तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी करा, त्याआधी केली तर पूर्ण बदल दिसणार नाही. आणि वडील व आजी दोघांनाही मधुमेह आहे म्हणजे तुमची आणि भावाची उपाशीपोटी शुगरही याच महिन्यात बघून घ्या. १०० ते १२५ च्या मध्ये आली तर वरचं ताट आणि चालणं तुम्हालाही आजपासूनच लागू.